जागेवर चिठ्ठी

प्रभंजनने संगणकावरचं 'कॉमन' नावाचं फोल्डर तिसऱ्यांदा उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि काचेआडून हाक मारली.

"सुमन, नियतकालिकांची यादी कुठं गेली?"

त्याची सहायक सुमन धावत आली. शनिवार होता, साडेनऊ वाजले होते आणि अकराला तपासणी समिती यायची होती. समितीला सगळ्यात आधी दाखवायची ती हीच यादी. तिच्या जागी 'चिठ्ठी' नावाची एक इवलीशी फाईल होती. सुमनने ती उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता : 'यादी इथे नाही. मालती मुजुमदार यांनी नेली. परत : शनिवार, दहा वाजता.'

"नेली म्हणजे?" प्रभंजनच्या तोंडचं पाणी पळालं. "इंट्रानेटवरनं कोण काय नेतं?"

धारवाडच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात इंट्रानेट येऊन दीड महिना झाला होता. पाच संगणक एकमेकांना जोडलेले. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, पण एकाने ठेवलेला कागद पाचांना दिसायचा. प्रभंजन नवा ग्रंथपाल, वय एकतीस, उत्साह दांडगा. यापुढे सगळी पत्रं, सूचना, याद्या 'कॉमन'मध्येच ठेवायच्या, असा त्याने पहिल्याच दिवशी नियम केला होता. "माझेसुद्धा सगळे कागद तिथंच. लपवायचं काही नाही," असं तो म्हणाला होता, आणि बिचारा बोलल्याप्रमाणे वागायचाही.

मालतीबाई मात्र या यंत्रात रुळणार नाहीत, अशी त्याची खात्री झाली होती. सव्वीस वर्षं त्या तालिकेच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसत. निवृत्तीला सात महिने उरले होते. खालच्या मजल्यावरच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत संगणक नव्हता. तिथे बसून वर्तमानपत्रं काठीला लावायची, संध्याकाळी काढायची. त्यांना तिथे पाठवण्याचा हुकूम त्याने गुरुवारी टाइप करून 'कॉमन'मधल्या आपल्या कप्प्यात ठेवला होता. समिती एकदा गेली, की छापून सही करायची एवढंच बाकी होतं. त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. मालतीबाईंनी सुमनला कितीदा तरी सांगितलेलं त्याच्याही कानावर होतं : "मला बढती नको, सत्कार नको. या टेबलावरून रिटायर झाले म्हणजे मिळवलं."

दहाच्या ठोक्याला मालतीबाई सप्तापूरहून चालत आल्या. पिशवी ठेवली, किल्लीने ड्रॉवर उघडला आणि रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी बाहेर काढली.

"अक्का, यादी तुम्ही काढून घेतलीत?"

"होय की, सर. सुमनच्या दुरुस्त्या परत घालायच्या होत्या. कट केली, फ्लॉपीत घातली, जागेवर चिठ्ठी ठेवली."

"कट नाही हो करायचं! कॉपी करायची. म्हणजे तिथंही राहते, आपल्याकडंही येते."

"दोन्हीकडं?" मालतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग खरी कुठली म्हणायची?"

सुमन छताकडे बघू लागली. दोन आठवड्यांपूर्वी तिने दोन दिवस बसून त्याच यादीत दुरुस्त्या केल्या होत्या आणि प्रभंजनने आपली जुनी प्रत तिच्यावर चढवून त्या पुसून टाकल्या होत्या. साहेबांना कोण बोलणार? तिने घरी जाऊन भांडी आपटली होती.

मालतीबाईंची पद्धत साधी होती. कपाटातून पुस्तक कामासाठी काढलं, की त्या जागी पुठ्ठा उभा करायचा. पुठ्ठ्यावर चिठ्ठी, कोणी नेलं, कधी परत. जागा मुकी ठेवायची नाही, हे त्यांनी आल्यागेल्याला शिकवलं होतं. संगणकाला त्यांनी वेगळा न्याय लावला नव्हता, इतकंच.

"इर्लि बिड्री, अक्का," प्रभंजन कानडीत म्हणाला. असू दे, सोडा. यादी जागेवर आलेली पाहून त्याचा जीव भांड्यात पडला होता. पण हुकूम लिहिला ते बरंच केलं, असंही त्याच्या मनात आलं.

समिती तिघांची होती. प्रभंजनने हौसेने सांगितलं, "कुठल्याही मशीनवर बसा सर, सगळीकडं तेच दिसेल." त्यातले जाड भिंगांचे प्राध्यापक त्याचं बोलणं शब्दशः घेऊन एकेका खुर्चीवर बसत गेले. पहिल्या संगणकावरच्या यादीत एकशे बारा नियतकालिकं निघाली. दुसऱ्यावर एकशे अठरा. तिसऱ्यावर, म्हणजे खुद्द प्रभंजनच्या, एकशे नऊ. जो तो आपापली प्रत उतरवून बसला होता.

"यातली खरी कुठली?" प्राध्यापकांनी विचारलं.

नोव्हेंबरच्या थंडीत प्रभंजनच्या कपाळावर घाम आला.

"कॉमनमधली बघा की, सर," मालतीबाई टेबलावरूनच म्हणाल्या. "एकशे सोळा. कालपासून माझ्याकडं होती, जागेवर चिठ्ठी होती. चिठ्ठी असताना कुणी हात लावला नाही. सुमनच्या सगळ्या दुरुस्त्या तिच्यातच आहेत."

सुमनने चिठ्ठी दाखवली. प्राध्यापक हसले, मग हसू आवरून वहीत बराच वेळ लिहीत राहिले.

"एका वेळी एकाच्याच हाती कागद. छान. ही कल्पना कुणाची?"

"आमची पद्धतच आहे ती," प्रभंजन म्हणाला. सुमनने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, अक्कांची," त्याने घाईने जोडलं.

गिरमिट आणि मिरची भजी खाऊन समिती दोन वाजता खूश होऊन गेली. प्रभंजन खोलीत येऊन बसला. मालतीबाईंच्या टेबलाचं आता काय करावं, हे त्याला सुचेना. निदान हुकूम एकदा वाचून बघू, म्हणून त्याने 'कॉमन'मधला आपला कप्पा उघडला.

हुकूम नव्हता. त्याच्या जागी चिठ्ठी होती.

'हुकूम इथे नाही. मालती मुजुमदार यांनी नेला. परत : ३१ मे.'

एकतीस मे कोणता दिवस, हे त्याला सेवापुस्तक न उघडता ठाऊक होतं. चिठ्ठीवर तारीख शुक्रवारची होती. म्हणजे आज सकाळी फ्लॉपी काढताना, समितीपुढे बोलताना, त्याला सावरून घेताना बाईंना सगळं माहीत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी हसूही आवरेना. दोन ओळींचा हुकूम. पुन्हा टाइप करायला पाच मिनिटं लागली नसती.

तो उठून तालिकेच्या खोलीत गेला. मालतीबाई खिडकीतल्या उन्हाकडे पाठ करून कार्डं लावत होत्या.

"अक्का, माझा एक कागद तुमच्याकडं आहे म्हणे."

"होय, सर." त्यांनी मान वर केली नाही. "वाचायला घेतलाय. माझं वाचन जरा सावकाश असतं."

प्रभंजनने खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे.

"वाचा की सावकाश," तो म्हणाला. "मुदत वाढवून हवी असली तर तेवढं मात्र आधी सांगा."