अठ्ठावन्न मुक्कामी पाहुणे

माझ्या बायकोनं हॉकीच्या टीमला गाव सोडायला लावलं, असं इथले काही लोक अजून म्हणतात. म्हणू देत. त्या वेळी मीही त्यांच्याच बाजूचा होतो, तेव्हा रागवायचा मला फारसा अधिकार नाही. पण खरं काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो. सांगताना माझी छाती फुगते, आणि या वयात तेवढा व्यायाम पुरे.

गोष्ट १९८५ सालची. इंडियानातलं आमचं शहर ट्रकचे सुटे भाग बनवणारं, आणि मी तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. कारखाने एकेक करून बंद पडत होते. मिरवायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हॅमर्स, आमची बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक टीम. आमची सुमेधा तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या पलंगामागच्या भिंतीवर हॅमर्सच्या गोलकीपरचं पोस्टर होतं आणि त्यांची निळी जर्सी ती धुवायला टाकायलाही तयार नसायची.

त्या वर्षी टीमच्या मालकानं जाहीर केलं की शहरानं नवं स्टेडियम बांधून द्यावं, नाहीतर टीम दक्षिणेतल्या एका शहरात जाईल. तिथं म्हणे सगळं फुकट मिळत होतं. आमच्या शहराला खर्च होता एक कोटी दहा लाख डॉलर, आणि ते फेडायला वीस वर्षं विक्रीकर वाढणार होता. मागणीसोबत एका सल्लागार कंपनीचा जाडजूड रिपोर्ट होता. मॅच पाहायला बाहेरगावचे लोक येतात, रात्री मुक्काम करतात आणि शहरात वर्षाला तीस लाख डॉलर सोडून जातात, असं त्यात लिहिलं होतं.

पद्मिनी, माझी बायको, शहराच्या बजेट ऑफिसात सगळ्यात खालच्या खुर्चीवर होती. नागपूर विद्यापीठाची अर्थशास्त्राची एम.ए., तीही पहिल्या नंबरानं. पण इथं सहा वर्षांत तिला टायपिंगपलीकडे कुणी फारसं काही दिलं नव्हतं. रिपोर्टसुद्धा साहेबानं तिला बेरजा तपासायलाच दिला होता.

रविवारी ती तो घेऊन किचन टेबलाशी बसली होती. मी मटार सोलत होतो. अचानक ती हसायला लागली.

"अहो, हॉकीच्या मॅचला येऊन बिअर न पिणारी माणसं कुठं पाहिलीत तुम्ही?"

"आपल्या मंडळात," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं. "मुक्कामाला राहिलेल्या प्रेक्षकांचा बिअरचा खर्च यात जवळजवळ शून्य आहे. खाण्याच्या स्टॉलवरचाही. आलेत कुठून, तर मिशिगन, इलिनॉय, ओहायो. सर्व्हे कधीचा, तर दिवाळीनंतरच्या शनिवारचा."

माझ्या हातातला मटार खाली पडला.

मी तेव्हा महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष होतो. दिवाळी संमेलनाला तीन राज्यांतून कुटुंबं आली होती. सकाळी फराळ, दुपारी नाटुकलं, आणि संध्याकाळी सुमेधाच्या हट्टापायी सगळ्यांना अर्ध्या दरात हॅमर्सची मॅच. स्टेडियमच्या दारात एक पोरगी सर्व्हेचे फॉर्म भरून घेत थंडीनं कुडकुडत उभी होती. मला अध्यक्षपणाचा चेव आला. मी तिच्याकडून फॉर्मचा गठ्ठाच घेतला आणि मिशिगनमधल्या नोव्हायच्या राजीवपासून सगळ्यांना एकेक प्रश्न विचारत स्वतः भरून टाकला. बाहेरगावचे आहात का? हो. रात्री मुक्काम आहे का? हो. टीमला मदत झाली, मंडळाचं नाव झालं, म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी पद्मिनीनं ऑफिसातला मूळ फॉर्मांचा खोका उघडला. एकूण फॉर्म दोनशे चाळीस. त्यातले एकाहत्तर मुक्कामी, आणि त्या एकाहत्तरांपैकी अठ्ठावन्न माझ्या अक्षरातले.

"तुमचा सात मी झोपेतही ओळखेन," ती म्हणाली. "आणि हे अठ्ठावन्न लोक झोपले कुठं? अकरा घरांत. चौदा जण तर आपल्याच बेसमेंटमध्ये. सकाळी पोहे खाऊन गेले. या कंपनीनं प्रत्येकाच्या नावावर मोटेलची खोली आणि हॉटेलातलं जेवण लावलंय, आणि तो एक दिवस छत्तीस मॅचेसना गुणलाय. वर्षात छत्तीस दिवाळ्या!"

मी काय म्हणालो असेन? लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "गप्प बस. बेरजा बरोबर आहेत ना? सही कर आणि मोकळी हो. उगाच यांच्या भानगडीत कशाला पडायचं?"

सुमेधा जिन्यात उभी राहून ऐकत होती. "आई, प्लीज डोन्ट," ती म्हणाली. "दे विल लीव्ह. यू नो दे विल." आणि मग तिनं असं काही म्हटलं की पद्मिनीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "तू बोललीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही." एवढं अख्खं वाक्य तिनं मराठीत म्हटलं होतं.

पद्मिनी दोन दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी तिनं साहेबाला सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, पटतंय, पण कौन्सिलपुढे तूच बोल. भित्रा लेकाचा.

फेब्रुवारीत कौन्सिलची सभा झाली. हॉलमध्ये निळ्या जर्सीच जर्सी. पद्मिनीनं माइक खाली ओढला आणि पंधरा मिनिटं बोलली. अठ्ठावन्न फॉर्म वेगळे काढले की मुक्कामी प्रेक्षक शंभरात तीसऐवजी सातच उरतात, हे तिनं फळ्यावर मांडलं. बाकीचे प्रेक्षक गावातलेच. मॅच नसली तर ते त्याच पैशात सिनेमाला जातील, बोलिंगला जातील. गावचा पैसा गावातच फिरेल. नवं उत्पन्न म्हणून तो मोजायचा कसा?

मालकाचा वकील उठला. "हे लोक कोणत्याही मोटेलमध्ये राहिले नाहीत, हे बाईंना कसं ठाऊक?"

"कारण ते माझ्या बेसमेंटमध्ये होते," पद्मिनी म्हणाली. "पांघरुणं मीच दिली."

हॉल हसला. वकील नाही हसला. "आणि हे फॉर्म एकाच माणसानं भरले, याला पुरावा?"

पद्मिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला अडचणीत आणायचं नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. तेवढ्यानंच मी उठलो. "ते अक्षर माझं आहे," मी म्हणालो. "या माझ्या पत्नी. चूक माझी आहे, हिशेब त्यांचा बरोबर आहे." मागून कुणीतरी मला घरी परत जा म्हणून ओरडलं. कुठल्या घरी ते त्यानं सांगितलं नाही. मी खाली बसलो नाही, मतदान होईपर्यंत उभाच राहिलो.

पाच विरुद्ध चार मतांनी स्टेडियम नामंजूर झालं. उन्हाळ्यात हॅमर्स दक्षिणेला गेले.

सुमेधानं पोस्टर काढलं, जर्सी खोक्यात भरली आणि आईशी बोलणं टाकलं. अकरा आठवडे. एकदा पद्मिनी गॅरेजमध्ये एकटी रडताना मला सापडली. मी म्हटलं, पश्चात्ताप होतोय का? डोळे पुसत ती म्हणाली, "नाही हो. पुन्हा बोलायची वेळ आली तर पुन्हा बोलेन. म्हणून तर रडतेय." त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा सभेतही वाटला नव्हता.

पुढे माय-लेकी बोलू लागल्या. शाळा, कपडे, ड्रायव्हिंग, सगळ्यावर. हॉकी सोडून. तीन वर्षं त्या घरात हॅमर्सचं नाव निघालं नाही.

१९८९ च्या वसंतात एका शनिवारी फोन वाजला. पद्मिनी भांडी घासत होती. फोन सुमेधानं घेतला. ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तो दक्षिणेतल्या त्याच शहराच्या बजेट ऑफिसातून होता. मालकानं तिथंही नवं स्टेडियम मागितलं होतं, नाहीतर टीम हलवतो म्हणाला होता. रिपोर्टही त्याच कंपनीचा होता. सुमेधा बोलली इंग्रजीतच, पण मला तिचं बोलणं मराठीतच आठवतं.

"हो, त्या माझ्या आई. आता त्या इथल्या बजेट ऑफिसच्या उपसंचालक आहेत. देते फोन. पण तोवर एक करा. मुक्काम करणार का, असं लोकांना विचारू नका. रात्री झोपणार कुठं, ते विचारा. आमच्याकडे बेसमेंटमध्ये चौदा जण होते. त्यातल्या दोघांना मी माझी गादी दिली होती."

मग तिनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि हाक मारली, "आई, हॅमर्सबद्दल आहे."

पद्मिनीनं हात पुसायला नको तेवढा वेळ लावला. सुमेधानं रिसीव्हर तिला दिला, आणि तिथून हलली नाही. आईला कागद लागेल म्हणून वही-पेन हातात घेऊन शेजारीच उभी राहिली.