टिड्रिकसाहेबांच्या पायाखालची पेटी

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या लढतीत सिनेटर ऑरव्हिल टिड्रिक हरले. हे तुम्हाला ठाऊकच नाही, असे समजून मी पुढे सांगते.

मित्रांनो, मी सफरचंदाची एक जुनी पेटी आहे. माझा जन्म ओरेगनमधल्या टिड्रिकांच्या बागेतला. साहेब उंचीने कमी, म्हणून गावोगावच्या चौकात मोटारीतून आधी मी उतरायचे, मग ते. ते माझ्यावर चढले की कुणीतरी ओरडायचेच, "ऑरव्हिल, अजून एक पेटी आणू का रे?"

"नको! वरून तुझं टक्कल दिसेल!"

हशा पिकायचा. भाषण संपले की साहेब हात पुढे करून खाली उतरायचे, थेट गर्दीत. चौदा वर्षे हाच क्रम. त्यांची सगळी मते माझ्यावरूनच गोळा झाली, हे मी नम्रपणे नव्हे, ठणकावून सांगते.

मग घरोघर टीव्ही आला. पक्षाने साहेबांची उमेदवारीसाठीच लढणाऱ्या एका उंच, देखण्या गव्हर्नरांशी टीव्हीवर चर्चा ठेवली. स्टुडिओतले ब्रँट मला बघून म्हणाले, "हिला मेजामागे लपवा. देशाला बुटका अध्यक्ष चालणार नाही."

"चौकात तर चालतो," साहेबांच्या पत्नी विल्मा म्हणाल्या.

"बाई, चौकात दोनशे माणसं. इथं दोन कोटी."

"मग दोन कोटींचा हात हातात कसा घ्यायचा?"

"घ्यायचाच नाही. नुसतं हसायचं."

साहेबांच्या गालांना पावडर लावली. मला लावली नाही. लावली असती तर मीही अध्यक्ष शोभले असते.

साहेब झकास बोलले. जिंकतच होते. ब्रँट नखे खायचे थांबले. शेवटचे वाक्य संपले आणि चौदा वर्षांच्या सवयीने साहेब हात पुढे करून माझ्यावरून उतरले.

पडद्यावरून ते नाहीसेच झाले. दोन कोटी माणसांनी सहा सेकंद एक रिकामे मेज पाहिले. मग मेजाच्या कडेवर कपाळ उगवले.

"कुठे निघाले होते हे?" ब्रँट किंचाळले.

"लोकांकडे," विल्मा म्हणाल्या. "तुम्ही लोक कुठे ठेवलेत, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी चौकात ओरडणाऱ्यांतला तो टकलू शेजारी, क्लेटस, बागेत आला. "फसवलंस, ऑरव्हिल. आम्हाला वाटलं तू उंच आहेस."

"अरे, चौदा वर्षं तू मला पेटीवर बघतोयस!"

"ते चौकात. टीव्हीवर तू उंच होतास."

क्लेटसने मत गव्हर्नरांना दिले. त्याच्यासारखे पुष्कळ निघाले. मला मात्र शरम वाटत नाही. मी कधीच लपले नव्हते. मला लपवले होते. म्हणून हा अर्ज.

प्रति, प्रसारण खात्याचे प्रमुख, वॉशिंग्टन.
विषय : कॅमेरा खाली घेण्याबाबत.

महोदय, यापुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवारास पायांसकट दाखवावे. तो कशावर उभा आहे, हे सर्व मतदारांनी नीट पाहिल्याची खात्री झाल्याशिवाय मतदान सुरू करू नये. निर्णय सफरचंदांच्या हंगामापूर्वी कळवावा. नंतर अर्जदार भरलेली असेल.