आनंदाबाईंची गुपित बहीण

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात आनंदाबाईंना चिठ्ठीत स्वतःचंच नाव निघालं, आणि ही गोष्ट त्यांनी वर्षभर कोणाला सांगितली नाही. तसा चिठ्ठीचा नियमच होता.

जिल्ह्यातल्या कॅथलिक बायांचा हा मेळावा दर फेब्रुवारीत भरतो. सकाळी मिस्साची प्रार्थना, मग श्रद्धेवर एक व्याख्यान, मग सेवेवर एक, आणि दोन्हींच्या मध्ये चहा, कारण दोन्ही एकदम झेपत नाहीत. शेवटी टोपली फिरते. टोपलीत हजर असलेल्या प्रत्येकीचं नाव. जिची चिठ्ठी हाती येईल ती तुमची गुपित बहीण. तिच्यासाठी आठवड्याला एक माळ जपायची, जमेल तशी सेवा करायची, पण तिला पत्ता लागू द्यायचा नाही. पुढच्या मेळाव्यात भर सभेत उठायचं, पेटती मेणबत्ती घेऊन तिच्यासमोर जायचं आणि म्हणायचं, "बहिणी, ती मीच." मग बाया रडतात. ज्यांच्या वाट्याला वर्षभर नुसत्या माळाच आलेल्या असतात, त्या जरा कमी रडतात.

स्वतःचंच नाव निघालं तर काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. उलट सिस्टर लिसी टोपली पुढे धरून म्हणाल्या होत्या, "देव जे हातात देतो ते घ्यावे. बदलून मागू नये." सिस्टर केरळच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यांचं कुठलंही वाक्य परीक्षेला येणार असल्यासारखं वाटतं. आणि आनंदाबाई दवाखान्यात आया. अठ्ठावीस वर्षं कोणी काही सांगितलं की 'हो' म्हणायची सवय. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, पदराच्या टोकाला बांधली आणि वर्ध्याजवळ नालवाडीला घरी आल्या.

पहिली अडचण अशी की जिची सेवा करायची ती घरातच राहत होती. तिच्या नकळत काही करणं कठीण. आनंदाबाईंनी तिचं लक्ष दुसरीकडे जाण्याची वाट पाहायला सुरुवात केली. सकाळी सहाच्या ड्युटीला निघताना, आज बस मिळेल का हा विचार चालू असताना, हळूच पायरीवर एक पपई ठेवायची आणि मागे न बघता चालायला लागायचं. दुपारी तीनला परत येईपर्यंत चार वार्ड पुसून झालेले असायचे, पपईची आठवणही पुसली गेलेली असायची.

"अगं बाई!" त्या म्हणायच्या. "कोनं ठेवली?"

सुरुवातीला हे थोडं नाटक होतं. दिवाळीपर्यंत राहिलं नाही. त्या परत यायच्या तेव्हा गादी घातलेली, चादर ताणलेली, उशाशी तांब्या झाकलेला. एवढं कोणी केलंय तर न झोपणं बरं दिसत नाही, म्हणून त्या झोपायच्या. दुपारी झोपण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. डोळा लागता लागता त्यांना वाटायचं, कोणीतरी खोलीत हलक्या पावलांनी वावरतंय, खिडकी ओढून घेतंय, भांडं आवाज न करता पालथं घालतंय. त्या डोळे उघडायच्या नाहीत. बिचारी एवढी लपून करते, कशाला पकडायची? एकदा पापणीच्या फटीतून तिच्या साडीचा काठ दिसला. काठ आनंदाबाईंच्याच साडीसारखा होता. म्हणजे बाईची आवड चांगली होती.

एकदा पायरीवर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निघाली. ही मात्र त्यांनी ठेवली नव्हती. पुष्कळ आठवूनही ठेवली नव्हती. शेजारच्या अन्नपूर्णेचा भाजीचा मळा होता. ती कुंपणावरून बघत होती.

"म्यांच ठेवली," अन्नपूर्णा म्हणाली. "तू रोज आपल्याच पायरीवर काई ना काई ठेवून राह्यली. मले वाटलं नवस असंल. दुसऱ्याच्या नवसाले हातभार लावला का अर्धं पुण्य भेटते म्हन्तात."

"नवस नाई वं."

"मंग काय?"

"सांगता येत नाई."

"म्हन्जे नवसच," अन्नपूर्णा म्हणाली आणि वर्षभर दर बुधवारी सांभार देत राहिली.

तर असं ते वर्ष गेलं आणि पुन्हा फेब्रुवारी आला. ताराचंदच्या गाडीत वर्ध्याच्या अठरा बाया बसल्या आणि गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. मेळावा त्या बाजूच्या एका मिशनच्या शाळेत होता. आनंदाबाईंच्या शेजारी मोनाली होती, त्यांच्याच दवाखान्यातली तरुण नर्स.

"मावशी, तुले कोन निघाली होती गेल्या वर्षी? आता तं सांग. आज कळनारच हाय."

"तवाच कळंल."

"एवढी काऊन घाबरून राह्यली? भांडखोर हाय का थे?"

"नाई वं. लय चांगली हाय."

घाबरल्या तर होत्याच. सगळ्या बायांनी वर्षभर दुसरीसाठी जिवाचं रान केलं, आणि आपण? आपण सगळी सेवा घरात ठेवली. खोटं नाव सांगावं तर समोर वेदी. खरं सांगावं तर जिल्हाभर हसू. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक भीती होती, ती सगळ्यात मोठी. वर्ष आज संपत होतं. मेणबत्ती दिली की गुपित संपतं. उद्या दुपारी तीनला दार उघडल्यावर घरात कोणी आलेलं नसेल.

व्याख्यानं झाली. श्रद्धेवरच्या व्याख्यानात वीज गेली आणि सेवेवरच्या व्याख्यानात आली. मग सगळ्या खुर्च्यांचं मोठं कडं केलं गेलं, एकशे अडतीस बाया. सिस्टर लिसी वही घेऊन एकेक नाव पुकारू लागल्या. आर्वीची बाई पुलगावच्या बाईकडे गेली, दोघी रडल्या. पुलगावची बाई देवळीच्या बाईकडे गेली, एकच रडली.

"आनंदाबाई, नालवाडी."

आनंदाबाईंनी मेणबत्ती पेटवली आणि चालायला लागल्या. नुसतं जागच्या जागी उभं राहून कसं चालेल? सगळ्या चालल्या होत्या. त्या कड्याच्या आतून निघाल्या. ज्या बाईजवळ पोचायच्या ती पदर सावरायची, आणि त्या पुढे गेल्या की पदर सोडायची. एकशे सदतीस बायांचा पदर असा वर झाला आणि खाली आला. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हॉलमधून वारा फिरतोय. मेणबत्तीचं मेण बोटांवर उतरत होतं. पूर्ण चक्कर मारून आनंदाबाई आपल्या रिकाम्या खुर्चीपुढे थांबल्या. खुर्चीवर त्यांची पिशवी होती.

"बहिणी," त्या पिशवीला म्हणाल्या, "ती मीच."

सिस्टर लिसींनी वहीतून मान वर केली.

"आनंदाबाई," सिस्टर लिसी म्हणाल्या, "ही तर तुमचीच जागा आहे."

"हो, सिस्टर."

त्यांनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी दिली. सिस्टरांनी ती वाचली. उलटून मागची बाजूही वाचली.

"परत का टाकली नाही?"

"तुमीच म्हन्लं होतं, बदलून मांगू नये."

सिस्टरांना आपलं वाक्य आठवलं असावं. त्या वहीत बघू लागल्या, पण वहीत त्यावर काही नव्हतं. कोपऱ्यात बसलेले फादर पुढे झुकले. "आणि सेवा काय केली?"

"माळ केली, फादर. दर शनवारी. नाव नाई घेतलं, नुसतं 'हिले सुखी ठेव' म्हन्लं. पपई ठेवली. दुपारी निजू देल्लं." त्यांनी बोटांवरचं मेण खरवडलं. "एकडाव आरशापुढं उभी राहून इचारलं, 'थकली का वं?'"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग हसणं पुढे सरकायला हवं होतं, पण सरकलं नाही. ते जिथे निघालं तिथेच बसलं.

"मावशी," मोनाली कड्यातून म्हणाली, "घेनारीले बी दोन शब्द बोला लागतात. नियम हाय."

नियम होता. आनंदाबाईंनी पिशवी उचलली, खुर्चीवर बसल्या, उजव्या हातातली मेणबत्ती डाव्या हातात घेतली.

"मले," त्या म्हणाल्या, "कोनं असं इचारलं नव्हतं कधी. दवाखान्यात अठ्ठावीस साल म्यां इचारून राह्यली लोकायले. हे बाई चांगली हाय. पपई कच्ची आनते, बाकी काई तक्रार नाई." मग त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. "सिस्टर, आता थे येनार नाई ना?"

सिस्टर लिसींनी पुष्कळ विचार केला.

"नियमाप्रमाणे नाही," त्या म्हणाल्या.

आणि आनंदाबाई रडल्या. इतक्या रडल्या की वहीत देणारीच्या रकान्यात टिक करावी की घेणारीच्या, हे सिस्टरांना कळेना. त्यांनी दोन्हीकडे केली. बाया उठून आल्या. आर्वीची एक म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मलेबी माहीच चिठ्ठी निघाली होती वं, तीन सालाखाली. म्यां बह्याडासारखी परत टाकली."

त्यानंतर टोपली फिरली तेव्हा गोंधळ झाला. अकरा बाया चिठ्ठी उघडून, वाचून, परत टाकू लागल्या. आपलं नाव निघेपर्यंत काढू द्या म्हणाल्या. फादरांनी चहा पुन्हा आणायला सांगितला. सिस्टर लिसींनी टोपली डोक्यावर धरली आणि प्रत्येकीला वर न बघता एकदाच हात घालायला लावला.

आनंदाबाईंनी आपली चिठ्ठी पदराआड उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, सिस्टर लिसी.

चार वाजता सगळ्या गाडीकडे निघाल्या. आनंदाबाई पाण्याची बाटली विसरल्या म्हणून हॉलमध्ये परत आल्या. एकशे अडतीस खुर्च्यांच्या मधोमध सिस्टर लिसी बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मांडीवर वही, वहीवर रिकामी टोपली. तोंड किंचित उघडं. झोपेत त्या मराठी बोलत नव्हत्या. काहीतरी मऊसं, लांबलचक, पाण्यासारखं पुटपुटत होत्या.

आनंदाबाईंना काय करायचं ते विचारावं लागलं नाही. त्यांनी टोपली हळूच काढून घेतली. खिडकीचं एक दार ओढलं, ऊन सिस्टरांच्या चेहऱ्यावरून बाजूला झालं. चपला काखेत घेऊन त्या चवड्यांवर बाहेर आल्या.

गाडी नेमकी त्याच खिडकीखाली होती. ताराचंदने हॉर्नवर हात ठेवला.

"ताराचंद, नको!"

"काऊन?"

सांगता येत नव्हतं. वर्ष आत्ताच सुरू झालं होतं.

"मले उलटी येऊन राह्यली. जरासा थांब."

बायांनी लिंबू दिलं, आवळा दिला, पुदिन्याची गोळी दिली. आनंदाबाईंनी सगळं खाल्लं. दहा मिनिटं झाली.

"आता बरं हाय का, मावशी?"

"आता चक्कर येऊन राह्यली."

मोनालीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग खिडकीच्या ओढलेल्या दाराकडे. मग काखेतल्या चपलांकडे. ती मागे वळली आणि कुजबुजली, "चूप राहा वं सगळ्या. चक्करवाल्यापुढं बोलत नसतात."

गाडी गप्प झाली. बाहेर ऊन चिंचेच्या झाडावरून खाली उतरत होतं. एक गाय आली, गाडीच्या दारातून आत डोकावली, सगळ्या गप्प आहेत हे बघून आल्या पावली परत गेली. ताराचंद स्टेअरिंगवर झोपला. मग एकेक बाई शेजारणीच्या खांद्यावर कलली, आणि थोड्या वेळाने गाडीतल्या सगळ्या अशा एका लयीत श्वास घेऊ लागल्या की गाडी उभ्या जागी हलक्या हलक्या वर खाली होऊ लागली. जाग्या होत्या एकट्या आनंदाबाई, पहारा देत.

सव्वापाचला सिस्टर लिसी डोळे चोळत, गालावर वहीच्या कडेचा वळ घेऊन धावत बाहेर आल्या.

"तुम्ही अजून इथेच? काय झाले?"

"गाडी सुरू होत नव्हती, सिस्टर," आनंदाबाई म्हणाल्या. उलटी, चक्कर, गाडी: पुढच्या कन्फेशनला कबूल करायची तीन पापं.

ताराचंदला गाडीचा अपमान सहन झाला नाही. त्याने तोंड उघडलं. अठरा बायांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"चमत्कार," मोनाली म्हणाली.

सिस्टर लिसींनी क्रूसाची खूण केली, आणि गाडी वर्ध्याकडे निघाली.