सूर्य डावीकडे

"काकू, चंद्राला उजेड सूर्याचाच ना? मग तो पलीकडून कसा उजळला?"

पेंटरीणबाईंचा ब्रश हवेतच थांबला. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग हे विचारणाऱ्या विज्ञानाच्या तरुण मॅडमकडे. भिंतीवर डावीकडे पिवळाधमक सूर्य, मधे पृथ्वी आणि तिच्याभोवती आठ चंद्र. आठही चंद्रांची उजवी बाजू पांढरी, डावी काळी.

"असंच असतं हो ते. आजवर बावीस शाळांत असंच काढलंय."

"बावीस?" मॅडमनी कपाळाला हात लावला.

पेंटर, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन चार वर्षं झाली होती. शाळांच्या भिंतींवर डोळा, फुप्फुसं, दातांचे प्रकार आणि ग्रहमाला काढण्यात त्यांची हयात गेली, आणि त्यांचे रंग कालवण्यात बाईंची. ते गेल्यावर बाईंनी त्यांचे ट्रेसिंग पेपर काढले आणि काम पुढे चालू ठेवलं. कोपऱ्यात नाव मात्र त्यांचंच टाकायच्या. "माझ्या भिंतीवर चूक दाखवा, ब्रश खाली ठेवतो," असं पेंटर छाती फुगवून सांगायचे. कुणाची दाखवायची हिंमत झाली नव्हती. आणि आता ही कालची पोर!

बाईंनी चंद्राचा ट्रेसिंग पेपर उलटा करून धरला. सूर्य गेला उजवीकडे, पण चंद्रांची पांढरी बाजूही मुकाट्यानं डावीकडे गेली. चूक होती तिथंच. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. भोवळ यायचीच काय ती बाकी राहिली.

"बाहेर चला," मॅडम म्हणाल्या.

चार वाजत आले होते. मैदानावर कलतं ऊन होतं आणि समोर आभाळात फिकट अर्धा चंद्र. मॅडमनी बाईंच्या हातात एक पांढरा चेंडू दिला. "हा चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरा."

बाईंनी हात लांब करून धरला. चेंडूची सूर्याकडची बाजू उजळली होती, दुसरी सावलीत होती. शेजारचा चंद्रही नेमका तसाच. जणू एकाच हातानं रंगवलेले.

"अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

कळलं, पण कळल्यावर डोक्यातला गुंता आणखीच वाढला. हे चुकले कसे? बाई पायरीवर बसल्या आणि त्यांना पहिली शाळा आठवली. पुस्तकातल्या आकृतीत सूर्य उजवीकडे होता, पण तिथल्या भिंतीला नेमकी उजवीकडे विजेच्या मीटरची पेटी. "सूर्य डावीकडे घेऊ. सूर्यच तो, कुठूनही उजेडच देणार!" हे वाक्य त्यांना लख्ख आठवत होतं. त्यावर दोघं हसलेही होते.

पण ते म्हणालं कोण?

घटकेत तो पेंटरांचा आवाज वाटे, घटकेत स्वतःचाच. शिडीवर कोण होतं, खाली पिवळा डबा घेऊन कोण उभं होतं, तेही धड आठवेना. विचारायचं तर कुणाला? ज्याला विचारायचं तोच माणूस राहिला नव्हता. इतक्या वर्षांत एवढ्याशा गोष्टीसाठी तो इतका हवासा वाटला नव्हता. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मॅडम पाणी घेऊन आल्या. "मनाला लावून घेऊ नका, काकू. पेंटरकाकांकडून राहून गेलं असेल."

"त्यांच्याकडून नाही." बाई उठल्या. "मीच म्हटलं, सूर्य डावीकडे घ्या म्हणून. जन्मात एकदा माझं ऐकलं बिचाऱ्यांनी."

शाळा सुटली तरी त्या शिडीवर होत्या. आठही चंद्र त्यांनी फिरवले, अमावास्या आणि पौर्णिमा या नावांच्या जागा बदलल्या. मॅडम म्हणाल्या, "आता खाली तुमचं नाव टाका की."

"चुकलेल्या भिंतींवर त्यांचं, आणि बरोबर आली तिच्यावर माझं? असं कसं चालेल?" बाईंनी कोपऱ्यात नेहमीसारखं पेंटरांचं नाव काढलं.

मग सामान आवरलं. पिवळ्या डब्याला घट्ट झाकण लावून तो बाजूला ठेवला, आता त्याचं काम नव्हतं. उद्यासाठी पिशवीत फक्त काळा आणि पांढरा घेतला. बावीस शाळांतले चंद्र फिरवायचे, तर सुरुवात मीटरच्या पेटीच्या शाळेपासून करायची होती. पेटी खरंच उजवीकडे होती का, एवढं तरी तिथं बघता येणार होतं.