धम्मदीप 'स्टॉप' म्हणायला विसरला

धम्मदीप वाघमारेची नोकरी आगीची होती, म्हणजे ती लागू न देण्याची. सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या एका सल्लागार कंपनीत तो फायर सेफ्टी इंजिनियर होता आणि गेली बावीस वर्षं लोकांना 'नाही' म्हणत आला होता. घरी तरी वेगळं काय! हौगांगच्या फ्लॅटमध्ये बुद्धमूर्तीपुढे बॅटरीवरच्या मेणबत्त्या मिणमिणत. पडद्यापासून दोन हातांच्या आत उदबत्ती लावण्याची त्याच्या बायकोची, राणीची, बिशाद नव्हती.

अशा माणसाकडे ऑफिसने 'रूसवेर्क'चं काम दिलं. हा जर्मनीतला इंडस्ट्रियल मेटल बँड. स्टेजवर खरी आग लावायची आणि त्यात उभं राहून गायचं, ही त्यांची ख्याती. कार्यक्रमाआधी सगळं तपासून सही करायची होती धम्मदीपला.

"बाबा, यू सो लकी, लाह!" पंधरा वर्षांची मैत्रेयी किंचाळली.

"लकी कसला? सगळं बंदच करायला लावणार आहे मी," धम्मदीप म्हणाला.

तरी अभ्यासाशिवाय जाईल तो धम्मदीप कसला. दोन दिवस त्याने बँडचा इतिहास वाचला. तीस वर्षांपूर्वी, बंद पडलेल्या ओतकामाच्या कारखान्यात, पाचपन्नास लोकांपुढे ही सहा पोरं लोखंडी पिंपं बडवत होती. ड्रम घ्यायची ऐपत नव्हती म्हणून पिंपं. गिटारी करवतीसारख्या, ठेका कवायतीचा, आणि गाणी जर्मन. देशाबाहेर एक शब्दही कोणाला कळेना. मग त्यांनी न कळताही दिसेल असं काहीतरी करायचं ठरवलं: मुखवटे, यंत्रं, धूर, आग. बघता बघता स्टेडियमं भरायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहालाच तो जाडजूड फाइल घेऊन हॉलवर पोचला. भांडणाची पूर्ण तयारी होती. समोर आल्या गेर्डाबाई. साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, बँडच्या आगीच्या प्रमुख. त्यांच्या काखेतली फाइल त्याच्या फाइलच्या दुप्पट होती.

त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "पॉलिएस्टर. आग लागली तर वितळून कातडीला चिकटेल. हा शर्ट घालून माझ्या स्टेजवर पाऊल टाकायचं नाही."

धम्मदीपने स्वतःची बाही चाचपून पाहिली. बाईंचं बरोबर होतं. हे वाक्य तो आजवर शेकडो लोकांना ऐकवत आला होता. हॉलमध्ये सुती कपडा म्हणून एकच मिळाला, बँडचा काळा टी-शर्ट. छातीवर धगधगती कवटी. तो घालून, वर आयकार्ड अडकवून, साहेब तपासणीला निघाले.

चार तास त्याने चूक शोधली. नळ्या, झडपा, अंतरं, आग विझवायची यंत्रं. चूक म्हणून सापडेना. उलट त्याच्याच नकाशातला एक आकडा बाईंनी दुरुस्त केला.

"सुरुवातीला आम्हीही वेडेच होतो," त्या म्हणाल्या. "एकदा आमच्या ड्रमरच्या दोन्ही भुवया गेल्या. दुसऱ्या दिवशी मी परवान्याच्या अभ्यासाला बसले. तेव्हापासून कोणाचा केससुद्धा जळलेला नाही."

शेवटची चाचणी राहिली होती. बँड एक गाणं वाजवणार, आग पेटणार आणि मध्येच कधीतरी धम्मदीपने वॉकीटॉकीवर 'स्टॉप' म्हणायचं. तीन सेकंदांत सगळं विझलं पाहिजे.

गाणं सुरू झालं. पायाखालची जमीन ठेक्यावर हलायला लागली. लोखंडी मुखवटा घातलेला गायक पुढे आला, त्याने दोन्ही हात पसरले आणि त्याच्या पाठीमागे आगीचे पंख उघडले. नारिंगी, कडेला निळे, छतापर्यंत. गालांना धग लागली. ज्या गोष्टीला जन्मभर कोंडून ठेवलं, ती आज ठेक्यावर नाचत होती. धम्मदीपचं तोंड उघडंच राहिलं.

गाणं संपलं. गेर्डाबाई येऊन उभ्या राहिल्या. "तुमचा स्टॉप कुठे आहे?"

"विसरलो," धम्मदीप म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"पुन्हा!" बाई ओरडल्या.

गायकाने मुखवटा काढला. आतून चष्मा लावलेले आजोबा निघाले आणि बार्लीचं पाणी पिऊ लागले. "कोणासाठी पुन्हा?" त्यांनी विचारलं. बाईंनी बोट दाखवलं. सहाही जणांनी वळून बघितलं आणि कवटीच्या टी-शर्टातला धम्मदीप कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या वेळी धास्तीने तो इतक्या लवकर 'स्टॉप' म्हणाला, की आग अजून लागलीच नव्हती. ड्रमर हसून हसून खाली बसला. तिसऱ्या वेळी जमलं. दोन सेकंदांत अंधार.

बाई सगळं लिहून घेत होत्या: पहिला प्रयत्न, अधिकारी विसरले.

"हे लिहायलाच हवं का?"

"तुम्ही लिहिलं नसतं?"

धम्मदीपने खिशातून पेन काढलं. "लिहिलं असतं," तो म्हणाला आणि त्याखाली सही केली.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला राणी आणि मैत्रेयी तिकिटं काढून आल्या होत्या. धम्मदीप स्टेजच्या कडेला, वॉकीटॉकी तोंडाशी धरून, शेवटपर्यंत ड्यूटीवर उभा होता. थांबवावं असं काहीच घडलं नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत लोक त्याच्या टी-शर्टाकडे बघत होते. त्याचा स्वतःचा शर्ट हॉलवरच राहिला होता. राणीने फोन पुढे केला. दुर्बिणीसारखं झूम करून तिने नवऱ्याचाच व्हिडिओ काढला होता.

"अहो, हे काय करत होतात?"

"ज्वाळांची उंची मोजत होतो."

"मान हलवून मोजतात का?"

मैत्रेयी खिदळली. धम्मदीपने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मग आणखी एकदा पाहिला.

"फार छान होतं गं," तो हळूच म्हणाला. "मला पाठव हा."