आत्याने वाखाणलेली वायर

पांगाई या बेटावरच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फुसीने एकोणतीस वर्षं काढली. तिथे फोन जोडायच्या दोऱ्या सगळ्या सारख्या दिसत, पण कुठली दोरी बोलणं नीट नेते आणि कुठली मध्येच खरखरते, हे तिचा हात ओळखत असे. आता गुडघे गेले होते आणि आठवडाभराच्या पाहुण्यांनी ती पार थकली होती.

समोर चटईवर तिचा भाचा सेमिसी घामाघूम बसला होता. दहा वाजले होते, बारा वाजता त्याला विमानतळावर निघायचं होतं. त्याच्या डिस्कवर फुसीच्या भावाने, म्हणजे सेमिसीच्या बापाने, पूर्वी काढलेल्या चाळीस व्हिडिओ टेपा उतरवलेल्या होत्या, आणि त्यातल्या कुठल्या तरी एकीत फुसीची आई होती. बोलणारी, चालती. डिस्क ऑकलंडला परत न्यायची होती, तिच्यावर त्याच्या गिऱ्हाइकांचंही काम होतं; म्हणून टेपा तेवढ्या घरातल्या लॅपटॉपवर घ्यायच्या होत्या. पुढच्या खेपेला तो येईल तेव्हा आपण असू की नाही, हे फुसीला ठाऊक नव्हतं.

"किती वेळ दाखवतंय?"

"तीन तास वीस मिनिटं, आत्या."

"इंटरनेटवरून पाठव की मग."

"इथल्या इंटरनेटवरून? नाताळ उजाडेल." त्याने हातातली बारीक पांढरी वायर दाखवली. "तोंड बरोबर बसतं, पण ही मुळात फोन चार्ज करायची. आत तारा कमी. माल जातो, पण गोगलगाईच्या पाठीवरून."

"मग चांगली आणायची होतीस! एवढा शिकलास तो कशाला?"

सेमिसी खाली बघू लागला. "आणली होती."

"मग हरवलीस?"

फुसीची मुलगी लोसा दारात नारळ खवत बसली होती, ती खदखदून हसली.

"तो मेला तरी सांगायचा नाही. आई, तुझ्या फोनला काय लावलंय ते बघ."

फुसीने टोपलीतून फोन काढला. त्याला आखूड, जाड, काळी वायर होती. रविवारी जेवताना तिने ती हातात घेऊन "काय दणकट दोरी आहे रे!" एवढंच म्हटलं होतं, आणि सेमिसीने ती तिच्या पुढ्यात ठेवली होती. बापाच्या बहिणीने वस्तू वाखाणली की ती तिची. परत मागायची तर सोयच नाही.

"गाढवा," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "तोंड नाही तुला?"

"तुमच्यापुढे नाही, आत्या."

काळी वायर लागली. नऊ मिनिटं. फुसी चिडली नाही, तेवढं त्राण नव्हतं. एकोणतीस वर्षं दोऱ्या हाताळल्या आणि ही हातात असूनही ओळखली नाही, एवढंच तिला लागलं.

"घेऊन जा ही," ती म्हणाली.

"दिलेलं परत नेतात का कुणी?"

उरलेल्या वेळात सेमिसी एकेक टेप उघडत गेला. सव्वाअकराला एकीतून ठक ठक आवाज आला. कापडासाठी झाडाची साल कुटणाऱ्या बायांची ओळ, आणि शेवटी आई, मोगरी उगारून.

"फुसी! बसलीस काय? हात चालव!"

फुसीने दुखरे पाय पोटाशी ओढून घेतले.

"बघ," ती लोसाला म्हणाली, "अजून बसू देत नाही."