रिकाम्या नळीची नोंद

मित्रांनो, गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकवलेली, तीन माणसांच्या उंचीची, गंजाने खडबडीत झालेली ही नळी म्हणजे मी. पाण्याचा जुना पाईप समजून तुमच्यापैकी कुणी माझ्यावर ओला टॉवेलही वाळत घालेल. माझी तक्रार नाही. मी समुद्राच्या तळाचा चिखल वर आणणारी नळी होते, हे आता कुणाला दिसणार?

एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, आतून गुळगुळीत केलं. माथ्यावर शिशाची वजनं चढवली. टोकाला धारदार कडं बसवलं आणि कड्याच्या आत पातळ पोलादी पाकळ्या लावल्या. जहाजाच्या डेकवरून दोराने मला खाली सोडलं की मी थेट तळाच्या गाळात घुसायची. वर ओढताना पाकळ्या मिटायच्या आणि चिखल माझ्या पोटात राहायचा. तो चिखल पाहून माणसं सांगायची की इथे तळ भक्कम आहे, इथे ठिसूळ आहे. उद्या इथे तेलाची विहीर खोदायची तर रिगचे, म्हणजे समुद्रात उभ्या राहणाऱ्या खोदकामाच्या मचाणाचे, पाय कुठे रोवायचे, हे माझ्या पोटातून ठरायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझी खरी जोडी जमली ती मामांशी. ते विंच चालवायचे, म्हणजे दोराचा मोठा रहाट. सगळं जहाज त्यांना मामा म्हणायचं, अगदी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला स्वयंपाकीसुद्धा. मी वर आले की मामा तळहाताने मला थोपटत आणि पुटपुटत, ‘आलीस का बाई.’ चिखल तपासायला एक भूशास्त्रज्ञ ताई होती. कोपरापर्यंत कायम गाळाने माखलेली, म्हणून तिचं नाव चिखलताई. आणि या सगळ्यांवर होते साहेब. माणूस वाईट नव्हता. आजारी खलाशाला स्वतःची केबिन देऊन बाहेर बाकावर झोपणारा होता. फक्त तारखेला फार भिणारा होता.

समुद्राचा तळ काही कुणाच्या घरचा नाही. त्याला हात लावायचा तर सरकारचा परवाना लागतो, आणि परवान्यामागून नियमांचं लटांबर येतं. कुठे गेलात, किती नमुने काढले, तळ चाचपायला पाण्यात कुठले आवाज सोडले, मासेमारांच्या जाळ्यांना धक्का लागला का, हे दर आठवड्याला कळवायचं. काम संपलं की तीस दिवसांत शेवटचा अहवाल नकाशांसकट द्यायचा. या सगळ्यात एक नियम वेगळा होता. तळातून वायू किंवा तेल येतंय अशी नुसती शंका आली तरी त्याच दिवशी कळवायचं, त्या कागदावर पाहणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात, आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवायचं. साहेबांनी हा नियम केबिनच्या दाराला चिकटवला होता. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं होतं तेच त्याचं झालं. तो कुणी वाचेना.

त्या मोहिमेत परवान्याचे दोन दिवस उरले होते. एकोणचाळीस जागा झाल्या होत्या, तीन बाकी होत्या. सकाळी मला चाळिसाव्या जागी सोडलं. मी गाळात घुसले, पोट भरलं, पाकळ्या मिटल्या. पण वर येऊ लागले तसं पोटातलं काहीतरी फुगायला लागलं. खाली पाण्याच्या भाराने दबून बसलेला वायू, भार कमी झाला तसा पसरत होता. त्याने चिखल ढकलायला सुरुवात केली. माझ्या पाकळ्या उलट्या वाकल्या आणि सगळा गाळ पाण्यात परत गेला. मी डेकवर आले ती रिकामी. टोकाला चार बोटं चिखल, तोही फेसाळलेला.

मामांनी सवयीने हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मी थरथरत होते आणि आतून बारीक आवाज येत होता. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला.

“ताई, ही फुसफुसतेय,” ते म्हणाले.

मित्रांनो, रिकामी नळी वर येणं ही या धंद्यात रोजची बाब. तळाशी सैल वाळू असली की नमुना निसटतो. मग कागदावर लिहायचं ‘नमुना मिळाला नाही’, जहाज पन्नास मीटर सरकवायचं आणि पुन्हा नळी सोडायची. सरकारी तक्त्यातही मिळालेल्या नमुन्यांना दहा रकाने होते आणि न मिळालेल्याला एक, तोही बोटभर जागेत बसणारा. हातात काही आलं नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं ही माणसं धरून चालत. त्या दिवशी माझं रिकामं येणं हीच खबर होती.

चिखलताईला शंका आली. तिने खिशातल्या वहीत लिहिलं, ‘फेस. वास.’ आणि साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले की नमुना हातात नाही तर कळवायचं काय, रिकाम्या नळीचा अहवाल कुणी मागितलाय? तरीही ती अडून बसली. तेव्हा ते म्हणाले, दुसरी सही आण, आत्ता काम थांबवतो. ती मामांकडे आली. तुम्ही पाहिलंत, तुम्ही वास घेतलात, इथे सही करा, म्हणाली.

मामांनी कागदाकडे पाहिलं, मग दोराकडे. “माझं लक्ष विंचवर होतं, ताई. मला नक्की काही सांगता येणार नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांचा तळहात अजून माझ्या चिखलाने माखलेला होता. ताईने कागदाची घडी घातली. मग तिनेही कच खाल्ली. पन्नास मीटरवर दुसऱ्या नळीने पोटभर चिखल आणला, आणि पक्क्या कागदावर चाळिसाव्या जागेसमोर तिने लिहिलं, ‘नमुना मिळाला नाही. वाळू असावी.’ काम वेळेत संपलं. अहवाल तीस दिवसांच्या आत गेला, वेळ पाळल्याबद्दल साहेबांची वाहवा झाली. माझ्या पाकळ्या वाकल्या होत्या, म्हणून मला इथे आणून टाकलं.

पुढचं मी चौकशीत ऐकलं. दोन महिन्यांनी मामा दुसऱ्या सफरीवरून घरी आले, तेव्हा लेकीने हौसेने सांगितलं की जावई काल रिगवर वेल्डर म्हणून रुजू झाला. ती रिग चाळिसाव्या जागीच उभी आहे, हे ऐकताच मामा पायात चपला घालायचंही विसरले. ते ताईचं घर शोधत गेले. दोघांनी मिळून पुरवणी अहवाल लिहिला. मामांनी सही केली आणि ते स्वतः कागद घेऊन कचेरीत उभे राहिले. कारकुनाने वरचा मजकूर वाचला, घटनेची तारीख पाहिली. तारीख दोन महिने जुनी. तातडीचं असतं तर तेव्हाच आलं असतं, असं म्हणून त्याने कागद जुन्या गठ्ठ्यात ठेवला. अधिकारी दौऱ्यावर होते, सोमवारी बघतील म्हणाला. जावयाचा फोन भर समुद्रात लागेना, म्हणून मामांनी रिगच्या कंपनीला फोन केला. सरकारी कागदाशिवाय काम थांबत नाही, असं उत्तर मिळालं.

शनिवारी दुपारी त्या जागी तळ फुटला. रिगचा एक पाय खचला आणि ती कलंडली. बहुतेकांना होड्यांनी वाचवलं. दोघे सापडले नाहीत. त्यातला एक मामांचा जावई.

मग बैल गेला अन् झोपा केला. मोठी चौकशी बसली. मला धुऊन, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी बांधून लांब टेबलावर आडवं ठेवलं. सगळे माझ्या वाकड्या पाकळ्यांकडे वाकून बघत होते. ताईने खिशातली वही पुढे केली आणि पक्क्या कागदावर वेगळं लिहिल्याचं कबूल केलं. साहेब मान खाली घालून बसले. मामांना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? त्यांनी सगळं सांगितलं. फेस सांगितला, वास सांगितला, हाताला जाणवलेली थरथर सांगितली. सही का केली नाही, एवढंच सांगितलं नाही.

दुपारी खोली रिकामी झाली. शेवटच्या बाकावरून त्यांची लेक उठली. खांद्यावर चार महिन्यांचं बाळ झोपलं होतं. ती टेबलाशी आली.

“बाबा, तुम्ही सही का नाही केलीत?”

मामांनी माझ्या वाकड्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं.

“काम थांबलं असतं गं. उत्तर यायला आठवडा लागला असता. तुझे दिवस भरले होते. बाळंतपणाला पोचायचं होतं मला.”

ते खरंच पोचले होते. नातीला पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं होतं. लेकीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती बाहेर गेली. मामा माझ्यावर हात ठेवून बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो तेव्हा कुठे गेला ते कळलं नाही. उरलं ते नुसतं वाईट वाटणं.

मित्रांनो, मला रंग लावा, पावसातून आत न्या, असं मी मागत नाही. मला तोंड नाही, म्हणून तुमच्याकडे एकच मागते. जे पाहाल ते त्याच दिवशी सांगा. घरी जायची कितीही घाई असली तरी आधी सांगा, आणि मग जा.